अर्धी ब्रेत्सेल

माझ्या नवऱ्याने देवापुढे हात जोडलेले मी कधी पाहिले नाहीत. सासूबाईंच्या नागपूरच्या घरात बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आहे, तिथे मेणबत्ती लागते, आणि नवस, उपास, लिंबू-मिरची यातलं काही त्या उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. नवरा तर त्याच्याही पुढचा. इथे जर्मनीत नवी गाडी घेतली तेव्हा शेजारच्या गुजराती भाभींनी प्रेमाने नारळ आणून दिला, तर याने मला त्याची चटणी करायला लावली.

पण अन्नाला पाय लागला की हा वाकतो. जिन्यात सांडलेली शेव असो, नाहीतर एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, फलाटावर कुणी टाकलेला केकचा तुकडा. चुकून बूट लागला की खाली वाकायचं, दोन बोटं त्या तुकड्याला लावायची, तीच कपाळाला लावायची आणि तुकडा उचलून कुणाच्या पायाखाली येणार नाही असा कडेला ठेवायचा. लग्नानंतर मी एकदा चेष्टेने म्हटलं होतं, "देव मानत नाहीस आणि शेवेपुढे वाकतोस?" तर म्हणाला, "देवाला कुणी उपाशी ठेवलं नाही. आमच्या आजीला ठेवलं होतं." मी गप्प बसले. मी गप्प बसल्याचे प्रसंग आमच्या संसारात फार थोडे आहेत, म्हणून हा लक्षात राहिला.

तो ब्योब्लिंगेनजवळच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. मोटारींचे सुटे भाग बनतात तिथे. त्याचं बसणं वरच्या मजल्यावर, काचेच्या खोलीत. खाली हॉलमध्ये आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी चाचणीचे भाग बघायला जायचं. जाताना पोलादी टोकाचे बूट, पिवळं जाकीट आणि कानांत बोळे. त्या वेशातला त्याचा एक फोटो आहे. वरातीत बँडवाल्यांमध्ये चुकून शिरलेल्या मुलीकडच्या पाहुण्यासारखा दिसतो त्यात. मी तो फोटो चारचौघांत दाखवायचे आणि लोक हसायचे. घरातल्या गोष्टी मीठमसाला लावून सांगणं हे आमच्याकडे माझंच खातं आहे.

फोन आला तेव्हा मी सुपरमार्केटमध्ये रिकाम्या बाटल्या परत घेणाऱ्या मशीनपुढे उभी होते. कारखान्यातली बाई बोलत होती. तुमच्या नवऱ्याला अपघात झालाय, शुद्धीवर आहे, पायावरून श्टापलर गेलाय. माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टला इथे सगळे श्टापलर म्हणतात. मी जर्मनमध्ये नुसतं हो, हो म्हणत फोन खांद्याने कानाशी दाबून धरला आणि उरलेल्या बाटल्या एकेक करून मशीनमध्ये टाकत राहिले. मागे रांग होती ना. सगळ्या बाटल्या संपल्या, मशीनने पावती दिली, ती मी नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि मग मला रडू फुटलं. मागच्या म्हाताऱ्या गृहस्थांना वाटलं, मशीनने माझी एखादी बाटली नाकारली. त्यांनी मला स्वतःची एक देऊ केली.

त्याला जवळच्या इस्पितळातून लगेच मोठ्या इस्पितळात हलवलं होतं. कामावरच्या अपघातांसाठीच बांधलेलं, तासाभराच्या अंतरावरचं. मी पोचले तेव्हा तो ऑपरेशन थिएटरमध्ये होता. बाहेर आलेली डॉक्टरीण माझ्या भाचीच्या वयाची दिसत होती. तिने सांगितलं, बुटाच्या पोलादी टोकाने बोटं वाचवली, पण चाक त्या टोकाच्या मागून गेलं. हाडं चुरली आहेत. ती जुळवता येतील. खरी चिंता कातडीची आणि रक्त पोचण्याची आहे.

"डावा पाय आम्ही वाचवायचा प्रयत्न करतोय," ती म्हणाली. "पण वचन मागू नका."

मी वचन मागितलं. दोनदा मागितलं. तिने दोन्ही वेळा नकारार्थी मान हलवली आणि मला पाण्याचा पेला आणून दिला.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांना काय सांगायचं हे मी गाडीत मनाशी पक्कं केलं होतं: थोडं लागलंय, पट्टी बांधलीय, दोन-चार दिवस ठेवून घेतील. दार उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "पाय हाय का?" आमच्या मुलीला शाळेत निरोप गेला होता, आणि बारावीतल्या त्या पोरीने आजीला मोडक्यातोडक्या मराठीत सगळं सांगून टाकलं होतं. गोष्ट कशी हळूहळू उलगडावी ही माझी कला माझ्या पोटच्या पोरीत अजिबात उतरलेली नाही.

पाय होता. निदान तेव्हा तरी होता. लोखंडी पिंजऱ्यात अडकवलेला, सळया आरपार, वर पट्ट्या आणि एक घुरघुरणारा पंप. पट्टीतून फक्त बोटं बाहेर होती. मी रोज गेल्या गेल्या अंगठ्याला हात लावून तो गरम आहे का बघायचे, मंडईत पपई दाबून बघावी तशी. गरम लागला की दिवसभर मला जेवण जायचं. गार लागला की मी नर्सला बोलवायचे, आणि ती सांगायची की खोलीत खिडकी उघडी आहे, तुमचा स्वतःचा हातही गारच आहे.

काही दिवसांनी कारखान्यातला सुरक्षेचा माणूस आला. नम्र, चष्मेवाला, मांडीवर लॅपटॉप. अपघात कसा झाला हे समजून घ्यायचं होतं. श्टापलरवर उंच माल होता, पुढचं दिसत नव्हतं, म्हणून चालक नियमाप्रमाणे मागे बघत उलटा येत होता. त्याला पिवळ्या पट्ट्यांमधला रस्ता मोकळा दिसला. माझा नवरा त्याच रस्त्यावर खाली वाकलेला होता, पार जमिनीशी, आणि गाडीच्या मागच्या जाड धुडामुळे तेवढ्या खालचं चालकाला दिसत नाही.

"तुम्ही वाकला कशासाठी होतात, हेर डॉक्टर?" हेर म्हणजे श्रीयुत, आणि डॉक्टर हे नवऱ्याच्या डॉक्टरेटमुळे.

"बुटाची नाडी बांधत होतो," नवरा म्हणाला.

तो माणूस टाइप करता करता थांबला. मग अतिशय सौम्यपणे म्हणाला, "म्हणजे... त्या बुटांना नाडी नसते. बाजूला गोल चकती असते. मीच निवडलेत ते."

डॉक्टरेट केलेल्या माणसाला इतकं साधं खोटं धड बोलता येऊ नये, याची मला त्याही परिस्थितीत लाज वाटली. नवऱ्याने छताकडे बघत सांगितलं, "खाली ब्रेत्सेल पडली होती." ब्रेत्सेल म्हणजे इथला गाठ मारलेला, वर मिठाचे खडे लावलेला पाव.

"तुमची?"

"नाही. कुणाची ते माहीत नाही. अर्धी होती. माझा पाय पडला तिच्यावर."

"आणि तुम्ही घसरलात?"

"नाही. मी तिला हात लावला. मग कपाळाला लावला. मग तिला उचलून कडेला ठेवणार होतो, तर जमिनीवर माझ्या हाताशेजारी निळा ठिपका दिसला."

श्टापलर ज्या बाजूला चाललेला असतो, त्या बाजूच्या जमिनीवर निळा उजेड पडतो, लोकांना कळावं म्हणून. याला तो दिसला. पण कानांत बोळे, मन ब्रेत्सेलमध्ये. हे काय आहे असा विचार करण्यात जो एक श्वास गेला, तेवढा चाकाला पुरला.

"हे धार्मिक आहे का?" त्या माणसाने विचारलं.

"मुळीच नाही. मी देव मानत नाही."

"मग?"

आमच्या दोघांच्या मिळून पस्तीसेक वर्षांच्या जर्मनमध्ये ही एक गोष्ट सांगायला शब्द नव्हता. शेवटी तो माणूसच म्हणाला, "मी लिहितो, जमिनीवरची वस्तू उचलताना."

"गेनाऊ, अगदी बरोबर," नवरा म्हणाला, शाळेत गणित सुटल्यासारखा.

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर होत्या. त्यांना जर्मन येत नाही, पण आपल्या लेकाच्या तोंडावरचं सगळं वाचता येतं. तो माणूस गेल्यावर त्यांनी मला विचारलं, "काय इचारत होता तो? हा काहून असा चोरावानी पाहत होता?"

मी सांगायला नको होतं. पण त्यांना फसवणं मला पूर्वीही जमलेलं नाही. सांगितलं.

त्या उठून पलंगाशी आल्या. मला वाटलं, डोक्यावरून हात फिरवतील. त्या कडाडल्या, "लाथाडून पुढं जाता नाही आलं तुले?"

"आई, तूच शिकवलंस ना."

"मी ताटापुरतं शिकवलं होतं! घरापुरतं! कारखान्यात वाकायले कोणं सांगतलं होतं तुले?" त्यांचा आवाज फाटला. "माही माय दुसऱ्याच्या खळ्यावरचे सांडलेले दाणे येचून आणे. एकेक दाणा. म्हणून आमी वाकलो. तू तं पगारदार माणूस. तुले काहून वाका लागते रे बाप्पा?"

त्या परत खुर्चीत जाऊन बसल्या आणि पदराच्या टोकाला पीळ देत राहिल्या. त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी एकच बोलणं लावलं: पाय राहिला पाहिजे. जणू पाय राहिला तर त्यांच्या मायच्या दाण्यांवरचा दोषही पुसला गेला असता. मला त्यांचं म्हणणं पूर्ण पटत होतं. मलाही तो पायच हवा होता.

श्टापलर चालवणारा एका दुपारी आला. आडदांड, दाढीवाला, चाळिशीच्या आतला. दारातच टोपी हातात घेऊन उभा राहिला. दुसऱ्या हातात बेकरीची भली मोठी कागदी पिशवी. हॉलमध्ये बातमी पसरली होती की हेर डॉक्टर ब्रेत्सेल उचलायला वाकले होते. त्याने त्याचा सरळ अर्थ काढला होता: माणसाला ब्रेत्सेल फारच आवडत असणार. म्हणून त्याने ताज्या, लोणी लावलेल्या आणल्या होत्या. डझनभर तरी असतील.

नवऱ्याने पिशवीत पाहिलं आणि तो हसायला लागला. अपघातानंतर पहिल्यांदाच. इतका हसला की पिंजरा हलला, आणि तो हसता हसता ओरडला. त्याबरोबर तो आडदांड माणूस रडायला लागला. "मी मागे बघितलं होतं," तो म्हणत राहिला. "दोनदा बघितलं होतं. कुणी नव्हतं."

"मला माहीत आहे," नवरा म्हणाला. "तुझी चूक नाही."

सासूबाईंनी मला कोपराने ढोसलं. "कोण हाय हा?"

"गाडी चालवणारा, आई. तीच गाडी."

त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "बसव त्याले. जेवला का इचार." तो जेवला नव्हता, घशाखाली काही उतरत नाही म्हणाला. मग आम्ही चौघांनी त्या खोलीत बसून त्याच्याच ब्रेत्सेल खाल्ल्या. चव कशी होती ते मला सांगता येणार नाही. मी फक्त सासूबाईंच्या मांडीवर पडणारे मिठाचे खडे बघत होते. त्या ते बोटाने टिपून तोंडात टाकत होत्या.

इथपर्यंतची गोष्ट मी आता कुणाकुणाला सांगते, आणि लोक हसतात सुद्धा. पुढची सांगायला घेतली की माझी जीभ जड होते.

पाय काळा पडायला लागला. आधी टाचेपाशी, मग कडेने वर. डॉक्टर मेलेलं कापून काढायचे, जिवंत लागेल तिथे थांबायचे, आणि पुढच्या खेपेला ते जिवंतही मेलेलं निघायचं. मांडीची कातडी आणून लावली. ती धरली नाही. पाठीचा तुकडा शिरांसकट आणून जोडला. एका टोकाने तग धरला, दुसरं टोक गेलं. दर खेपेला नवरा थिएटरमध्ये जायचा, आणि दर खेपेला आम्ही दोघी बाहेर बसून एकमेकींना सांगायचो की या वेळी नक्की. खोलीत वास यायला लागला. मी घरून उदबत्ती आणली. इस्पितळात धूर चालत नाही हे मला ठाऊक होतं. मी ती न पेटवता उशाशी ठेवली. बाई, म्हटलं, निदान दिसायला तरी.

मी हार मानणारी नव्हते. नागपूरच्या मावसदिराला फोन, तो हाडांचा डॉक्टर. अकोल्याच्या मैत्रिणीच्या भावाला फोन, तो प्लास्टिक सर्जन. डार्मश्टाटला पीएचडी करणारी आमच्या ओळखीची एक मुलगी, तिच्या प्रयोगशाळेत जखमा भरण्यावर काम चालतं म्हणे, तिलाही गाठलं. ती बिचारी उंदरांच्या जखमा भरत होती. प्रत्येकाने फोटो मागितले, मी पाठवले. माझ्या फोनमध्ये पूर्वी केकचे आणि ट्युलिपचे फोटो असायचे. आता नुसता पाय. रोज नवं मत. मी ते सगळं घेऊन डॉक्टरीणबाईंच्या मागे कॉरिडॉरमध्ये धावायचे आणि तिला सांगायचे की अकोल्यात असं करतात. ती थांबून ऐकायची. एकदाही हसली नाही, हे तिचं मोठेपण.

मग तिने आम्हाला बसवून सांगितलं. आणखी वर्षभर, कदाचित जास्त, अशीच ऑपरेशनं करता येतील. शेवटी एक पाय उरेल. तो वळणार नाही, त्याला स्पर्श कळणार नाही, आणि दुखत मात्र राहील. किंवा गुडघ्याखाली कापायचा. संसर्ग वर चढतोय, त्यामुळे विचाराला फार वेळ नाही. ठरवायचं पेशंटने.

"राहू देत," मी लगेच म्हणाले. "वर्ष तर वर्ष."

"आई," आमची मुलगी जर्मनमध्ये म्हणाली, "तिने तुला नाही विचारलं. तू बाबांचं ऐकतच नाहीयेस."

मी तिला मराठीत झापलं. ती मला जर्मनमध्ये तेच परत म्हणाली.

त्या दिवशी सगळ्या निघाल्यावर नवऱ्याने मला हाताने थांबवलं. सासूबाईंसमोर मी त्याला 'अहो' म्हणते आणि एकटे असलो की 'अरे'. तेव्हा दोन्हीपैकी काय म्हणावं ते सुचेना, इतका तो म्हातारा दिसत होता.

"मला तो नकोय," तो म्हणाला.

"काय नकोय?"

"पाय. मी दिवसभर त्याचीच चाकरी करतोय. तुम्ही सगळ्या खोलीत येता आणि आधी त्याच्याकडे बघता. माझं तोंड कुणी बघत नाही."

"अरे, पण एकदा कापला की..."

"मला माहीत आहे. मला काय, माहीत नाही?" त्याने डोळे मिटले. "मला फक्त आईची भीती वाटते. मी कापा म्हटलं, तर ती मरेपर्यंत म्हणत राहील की माझ्यामुळे गेला. ती म्हणाली तर मी आजच सांगतो. तिच्याशिवाय मला ते तोंडातून निघत नाही."

पन्नाशीला आलेला माणूस आपल्या आईच्या परवानगीसाठी अडून बसला होता, आणि माझ्या परवानगीचा तर विषयही निघाला नव्हता. एरवी यावर मी त्याला आठवडाभर टोमणे मारले असते. मी त्याचं तोंड पाहिलं. मग घरी येऊन सासूबाईंना सगळं जसंच्या तसं सांगितलं, मीठमसाला न लावता.

सकाळी त्या आंघोळ करून, पांढरी साडी नेसून तयार झाल्या आणि म्हणाल्या, "मले दाखव. पट्टी काढून."

नर्सने दोनदा विचारलं, खरंच बघायचंय का त्यांना. मुलीने आजीला मराठीत विचारलं, आजीने मान हलवली. पट्ट्या सुटत गेल्या. मी खिडकीबाहेर बघितलं. पार्किंगमध्ये कुणीतरी गाडीवरचा बर्फ खरवडत होतं. सासूबाईंनी मात्र नजर काढली नाही. चष्मा पुसून परत लावला. त्या काळ्या, फाटलेल्या, सळयांनी टोचलेल्या मांसाकडे वाकून पाहिलं. हात लावायला पुढे केला. नर्सने हातमोजा दिला तर नको म्हणाल्या, आणि हात मागे घेतला.

"हा माह्या लेकाचा पाय नाही," त्या म्हणाल्या. "माह्या लेकाचा पाय मले माहीत हाय. तो त्याच दिवशी गेला." मग लेकाच्या तोंडाकडे वळल्या. "काढ म्हणावं त्यायले. तुले जगा लागते."

नवऱ्याने आईचा हात धरला आणि डॉक्टरीणबाईंना बोलवायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला नेलं. आम्ही तिघी थिएटरबाहेरच्या नेहमीच्या बाकावर बसलो. या वेळी कुणी कुणाला नक्की-बिक्की काही म्हटलं नाही. मुलगी आजीच्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. डॉक्टरीण बाहेर आली, सगळं नीट झालं म्हणाली. नीट या शब्दाचा मला इतका राग आला की मी तिचे आभार मानायचेही विसरले.

संध्याकाळी तो शुद्धीवर आला. पांघरूण डाव्या बाजूला गुडघ्याच्या थोडं पुढे एकदम खाली बसलं होतं, तिथून पलंगाच्या टोकापर्यंत सपाट. आम्ही तिघींनी ठरवून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"गेला?" त्याने विचारलं.

"गेला," मी म्हणाले.

त्याने मान हलवली. बरोबरच आहे, अशा अर्थाने. मग थोड्या वेळाने त्याचं कपाळ आखडलं, ओठ दाबले गेले.

"काय होतंय?"

"दुखतंय."

"कुठे? टाक्यांपाशी? नर्सला बोलावू?"

"अंगठा," तो म्हणाला. "डाव्या पायाचा अंगठा." आणि आमची तोंडं बघून तो लहान मुलासारखा रडायला लागला. "खरंच दुखतोय गं. आहे तो तिथे. मुरगाळून धरलाय कुणीतरी."

मी घंटी दाबली. मुलगी दाराकडे धावली. सासूबाई उठल्या, पलंगाच्या पायथ्याशी गेल्या आणि जिथे चादर सपाट होती, तिथे हात ठेवला. जिथे अंगठा असता, बरोबर तिथे. दोन्ही हातांच्या चिमटीत चादर धरून त्या ती हळूहळू चोळायला लागल्या. मला वाटलं, त्यांना थांबवावं. काय म्हणून थांबवायचं ते सुचेना. नर्स आली, तिने पाहिलं, सलाइनच्या नळीत औषध सोडलं आणि सासूबाईंना काही न बोलता बाजूने निघून गेली.

"इथं?" सासूबाईंनी विचारलं.

नवऱ्याने डोळे मिटूनच मान हलवली. "थोडं डावीकडे," तो म्हणाला.

त्यांनी हात थोडा डावीकडे सरकवला.